उंदराच्या हिशेबात तुमची कॅप्सूल बसत नाही

प्रश्न : माझं वय ३८, राहणार नाशिक. उंची १७२ सेंमी, वजन ९४ किलो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं आणि सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. जिममधल्या ट्रेनरने ‘एसएलयू-पीपी-३३२’च्या ६० कॅप्सूलची बाटली दिली. एका कॅप्सूलमध्ये २५० मायक्रोग्रॅम, किंमत साडेसहा हजार. ‘व्यायाम न करता व्यायामाचा फायदा देणारं पेप्टाइड’ असं तो म्हणाला. रोज सकाळी उपाशीपोटी दोन घेतो. त्याच्याच सांगण्यावरून रात्रीचा भात-पोळी बंद केली आणि १६ तासांचा उपास सुरू केला. १२ दिवसांत २.४ किलो उतरलं. पण रात्री दोन-अडीचला जाग येते, छातीत धडधडतं, हात किंचित थरथरतात. ट्रेनर म्हणतो, ‘चरबी जळतेय म्हणून होतं, आता डोस दुप्पट कर, नाहीतर इंजेक्शनची व्हायल आणून देतो.’ नेटवर पाहिलं तर त्याच्या माहितीत ‘इस्ट्रोजेन’ शब्द दिसला, त्याने छाती वाढेल का? धाकटा भाऊ जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो, तोही मागतोय. काय करू?

उत्तर : उद्या सकाळची कॅप्सूल घेऊ नका. डोस हळूहळू कमी करत आणण्याचीही गरज नाही, सरळ बंद करा. बाटली मात्र फेकू नका, ती लागणार आहे.

धडधडीकडे आधी बघू. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट इथे नको, मधेच ठोका चुकत असेल तर तो त्यात लपतो. दिवसातून दोनदा बसून बीपी घ्या आणि आठवडाभर वहीत लिहून ठेवा. एक-दोन दिवसांत फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. धडधड चालू असताना काढता आला तर सगळ्यात चांगलं, कारण ठोके पूर्ववत झाल्यावरचा ईसीजी बरेचदा साफ येतो आणि मग माणूस उगाच निर्धास्त होतो. बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहिली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, अंग तापून घामाने निथळलं, किंवा डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

आता ‘चरबी जळतेय म्हणून धडधडतं’ या म्हणण्याबद्दल. रात्रीच्या जेवणानंतर सहा-सात तासांनी, गाढ झोपेत, प्रत्येकाचं शरीर बहुतांशी चरबीवरच चालतं. तुमचं, आमचं, तुमच्या ट्रेनरचंही. त्याने कुणाचं हृदय रात्री अडीचला धावत सुटत नाही. झोपमोड, धडधड आणि थरथरते हात ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की डॉक्टरांच्या डोक्यात आधी उत्तेजक औषध किंवा थायरॉइड हार्मोन येतं. ते कॅप्सूलमध्ये कसं येऊ शकतं, हे कळायला या रेणूची मूळ गोष्ट नीट माहीत हवी. ती गोष्ट मुळात खोटी नाही, म्हणून तर ती विकली जाते.

एसएलयू म्हणजे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस विद्यापीठ. थॉमस बरिस यांच्या गटाने हा रेणू तिथे अभ्यासला, पुढे ते फ्लोरिडा विद्यापीठात गेले. आपल्या पेशींत ‘ईआरआर’ नावाचे तीन रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारी प्रथिनं, असतात : अल्फा, बीटा आणि गॅमा. ज्या अवयवांना सतत ऊर्जा लागते तिथे ते भरपूर : हृदय, पायाचे स्नायू, मूत्रपिंड, मेंदू. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, किती असावीत आणि त्यांनी चरबी किती वेगाने वापरावी, हे ठरवणारी बरीच जनुकं हे रिसेप्टर चालू-बंद करतात. आपण धावलो, सायकल मारली की स्नायूंत हीच यंत्रणा जागी होते. एसएलयू-पीपी-३३२ ती बाहेरून जागी करतो. ‘व्यायामाची गोळी’ हे नाव त्यामुळेच पडलं.

२०२३ साली दोन शोधनिबंध आले. पहिल्यात साध्या, लठ्ठ नसलेल्या उंदरांना हा रेणू दिल्यावर ते ट्रेडमिलवर सुमारे ७० टक्के जास्त वेळ आणि ४५ टक्के जास्त अंतर धावले. दुसऱ्यात लठ्ठ उंदरांना महिनाभर, दिवसातून दोनदा दिला. त्यांचं वजन सुमारे १२ टक्के उतरलं. खाणं तेवढंच होतं, हालचालही वाढलेली नव्हती. २०२४ साली निकामी होत चाललेल्या हृदयाच्या उंदरांवरही याच घराण्यातल्या रेणूंचा चांगला परिणाम दिसल्याचं प्रसिद्ध झालं. काम चांगलं आहे, आणि त्यातून उद्या खरं औषध निघूही शकेल. मात्र हे लिहीपर्यंत माणसांवरची एकही चाचणी प्रसिद्ध झालेली नाही. डोस किती, दिवसातून कितीदा, कुठल्या औषधासोबत चालत नाही, सहा महिन्यांनी काय होतं, यातलं काहीच कुणी मोजलेलं नाही. तुमच्या ट्रेनरनेही नाही.

आता हिशेब करू. त्या लठ्ठ उंदरांचा डोस होता शरीराच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो. तोही तोंडाने दिलेला नव्हता, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने दिला होता. उंदराचा डोस माणसाच्या मापात आणताना औषधशास्त्रात तो ढोबळमानाने १२.३ ने भागतात, कारण लहान प्राण्याचा चयापचय फार वेगवान असतो. १०० भागिले १२.३ म्हणजे साधारण ८.१ मिलिग्रॅम प्रतिकिलो. तुमच्या ९४ किलोंना गुणलं तर दिवसाला ७६० मिलिग्रॅमच्या आसपास. तुम्ही घेताय दोन कॅप्सूल, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. दीड हजार पटींचा फरक! ट्रेनर म्हणतो तसा दुप्पट केलात तरी साडेसातशे पट कमीच.

हा आकडा वाचून कुणी ७६० मिलिग्रॅम पावडर शोधायला निघेल, म्हणून लगेच सांगतो : हा माणसाचा डोस नव्हे. खऱ्या चाचणीत आधी निदान दोन जातींच्या प्राण्यांवर विषबाधेचे प्रयोग होतात. ज्या मात्रेला काहीही अपाय दिसला नाही ती मात्रा धरून हे भागाकाराचं गणित करतात, आणि येणाऱ्या आकड्याचा साधारण दहावा भाग पहिल्या माणसाला देतात, तेही वॉर्डात, मॉनिटर लावून. इथे आपण हे गणित केलं ते फक्त बाटलीवरचा आकडा तपासायला. आणि त्यातून दोनच शक्यता उरतात. कॅप्सूलमध्ये लिहिलंय तेवढंच असेल, तर उंदरांत दिसलेला परिणाम तुमच्यात होण्याचं काही कारण दिसत नाही. आणि तुम्हाला खरोखर काही जाणवत असेल, तर ते बहुधा दुसऱ्याच कशामुळे.

२५० मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्यांना किती? टेबलावरच्या बारीक मिठाचे चार दाणे. एवढीशी पावडर तीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅम स्टार्च किंवा तत्सम भरणात प्रत्येक कॅप्सूलमध्ये सारखी पसरवायची असते. औषध कंपनीत त्यासाठी थोड्या पावडरीत थोडं भरण, मग तेवढंच आणखी, असं टप्प्याटप्प्याने मिसळतात, आणि नंतर एकेक कॅप्सूल फोडून आतलं प्रमाण मोजतात. मागच्या खोलीत पिशवी हलवून भरलेल्या बॅचमध्ये एका कॅप्सूलमध्ये काहीच नाही आणि दुसरीत दहापट, असं सहज होतं. कडक औषध असेल तर तीच दहापट वाली कॅप्सूल माणसाला दवाखान्यात नेते.

‘काहीतरी जाणवलं पाहिजे’ म्हणून वजन घटवण्याच्या बेनामी मालात चोरून औषधं मिसळतात, ही जगभरातल्या औषध नियंत्रकांना वर्षानुवर्षं सापडत आलेली गोष्ट आहे. सगळ्यात जास्त सापडतं सिब्युट्रामीन. भूक मारणारं हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० साली अमेरिका-युरोपातून मागे घेतलं गेलं आणि २०११ साली भारतातही त्यावर बंदी आली. शिवाय भरपूर कॅफीन, एफेड्रीन, दम्यासाठी वापरलं जाणारं क्लेनब्युटेरॉल, थायरॉइडचं टी-३ हार्मोन. क्लेनब्युटेरॉलने हात थरथरतात आणि रक्तातलं पोटॅशियम खाली येतं. टी-३ ने नाडी वाढते, झोप उडते, आणि चरबीसोबत स्नायूही झिजायला लागतो. तुमच्या बाटलीत यातलं काय आहे हे इथे बसून सांगता येणार नाही. कदाचित काहीच नसेल. संध्याकाळी प्री-वर्कआउट पावडर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कॅफीनचा अर्धा अंमल उतरायलाच पाच-सहा तास लागतात आणि सगळं बिल कॅप्सूलवर फाडून मोकळं होणं बरोबर नाही.

तेव्हा रक्ततपासणीला जाताना डॉक्टरांशी एवढ्या गोष्टी बोला : सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन, यकृतासाठी एसजीपीटी, एसजीओटी, बिलीरुबीन, आणि थायरॉइडसाठी टीएसएचच्या जोडीला फ्री टी-३ व फ्री टी-४. एकट्या टीएसएचवरून बाहेरून आलेल्या टी-३ चा नीट पत्ता लागत नाही. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर ती दोन दिवस आधी बंद ठेवा, बऱ्याच लॅबमधल्या थायरॉइडच्या चाचण्या बायोटिनमुळे चुकीचे आकडे दाखवतात आणि नसलेला हायपरथायरॉइड कागदावर उगवतो. दुसरं, पायांचा जोरदार व्यायाम केल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही स्नायूंमधून वाढतात आणि काही दिवस चढलेली राहतात. त्यासाठी तपासणी पुढे ढकलू नका, सोबत सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी चाचणी, करून घ्या. सीपीके खूप वर असेल तर वाढीचं मूळ मांडीत आहे की यकृतात, हे डॉक्टरांना उलगडतं.

यकृताबद्दल आणखी एक. ट्रेनर याला पेप्टाइड म्हणाला, ते चूक. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, इन्सुलिनसारखी. एसएलयू-पीपी-३३२ हा छोटा कृत्रिम रेणू आहे, रेणुभार २९० च्या आसपास, आणि रसायनशास्त्राच्या वर्गवारीत तो हायड्राझोन. हायड्राझोनचा जोड आम्लात सुटू शकतो आणि त्यातून हायड्राझाइड बाहेर पडतं. टीबीचं आयसोनियाझिड हेही हायड्राझाइडच, आणि ते देताना डॉक्टर यकृतावर नजर ठेवतात हे बऱ्याच घरांत माहीत असतं. नात्यामुळे गुण लागतोच असं नाही, हा रेणू यकृताला अपाय करतो असा पुरावाही नाही. पण ज्याचं यकृत आधीच ग्रेड २ आहे त्याने अशा घराण्यातला, माणसात कधी न तपासलेला रेणू उपाशीपोटी, पोटातल्या आम्लात रोज सोडावा का, हे तुम्हीच बघा. मूळ संशोधकांच्या गटाने पुढे एसएलयू-पीपी-९१५ हा निराळ्या बांधणीचा रेणू तयार केला, तो तोंडाने देता यावा हा त्यातला एक हेतू.

आता व्हायल. ती आणूच नका, आणि का ते समजून घ्या, कारण हा सल्ला तुम्हाला जिममध्ये पुन्हा मिळणार आहे. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. प्रयोगशाळेत तो डीएमएसओ नावाच्या द्रावकात, ट्वीनसारख्या साबणी पदार्थाची मदत घेऊन उतरवावा लागतो. बाजारातल्या व्हायलमध्ये तळाशी पांढरी, कापसासारखी वडी असते आणि ‘बॅक्टेरिओस्टॅटिक वॉटर’, म्हणजे जंतू वाढू न देणारं पाणी, टाकून गोल फिरवायला सांगतात. ती वडी क्षणात विरघळून पाणी काचेसारखं स्वच्छ झालं, तर आत प्रामुख्याने मॅनिटॉलसारखी साखर आहे, किंवा दुसराच रेणू. आणि उजेडात धरल्यावर बारीक कण तरंगताना दिसले, तर ते कण तुम्ही कातडीखाली टोचणार. तिथे गाठ, गळू, जंतुसंसर्ग. दोन्ही बाजूंनी नुकसानच.

ट्रेनर ‘९९ टक्के शुद्ध’ असा रिपोर्ट दाखवेल. तो एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, असतो. त्यात काय दिसतं? अतिनील प्रकाशात ज्या गोष्टी दिसतात, त्यांच्यातला किती हिस्सा एका रेणूचा आहे, एवढंच. साखर, क्षार, पाणी, धातू, जिवाणूंची विषं त्यात दिसतच नाहीत, आणि व्हायलमध्ये एकूण माल किती आहे हेही कळत नाही. वजनी काट्यावर निम्मं मॅनिटॉल असलेली पावडरसुद्धा त्या कागदावर ९९ टक्के शुद्धच ठरते. शिवाय कागदावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबरशी जुळतो का, हे पाहायला कुणी थांबत नाही. तुम्ही पाहा.

‘इस्ट्रोजेन’चं तुमचं कोडं सोपं आहे. ईआरआरचं पूर्ण नाव ‘इस्ट्रोजेन रिलेटेड रिसेप्टर’. १९८८ साली यातले पहिले दोन रिसेप्टर सापडले तेव्हा त्यांची रचना इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरशी मिळतीजुळती दिसली आणि नाव चिकटलं. शरीरातलं इस्ट्रोजेन त्यांना जोडलं जात नाही. तेव्हा नावावरून छाती वाढण्याची भीती बाळगायचं कारण नाही. काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा. काही स्तनकर्करोगांत ईआरआर-अल्फाचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांची वाटचाल वाईट झालेली दिसली आहे. उंदरांच्या यकृतात ईआरआर-गॅमा साखर तयार करण्याचं काम वाढवतो, आणि तुमचं एचबीएवनसी ६.१ आहे. गंमत म्हणजे, ज्या उंदरांत ईआरआर-अल्फाचं जनुकच काढून टाकलं होतं, तेही २००३ सालच्या प्रयोगात सडपातळ राहिले, तुपकट खाणं देऊनही. रिसेप्टर चालू केला तरी बारीक, काढला तरी बारीक. इतकी गुंतागुंतीची यंत्रणा रोज सकाळी अंदाजाने ढवळायची नसते.

‘व्यायामाची गोळी’ हे बिरुदही पहिल्यांदाच कुणाला मिळालेलं नाही. जीडब्ल्यू-५०१५१६, जिममधलं नाव कार्डरीन, २००८ साली उंदरांची धाव वाढवल्यामुळे असंच गाजलं होतं. ते तर माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंही होतं. पण दीर्घकाळ डोस दिलेल्या प्राण्यांत अनेक अवयवांत कर्करोग दिसला आणि औषध कंपनीने ते सोडून दिलं. २०१३ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, खेळाडूंना त्याच्या विषारीपणाबद्दल जाहीर इशारा दिला, एरवी असे इशारे ती फारसे देत नाही. आजही ते याच वाटेने, याच छापाच्या बाटल्यांतून विकलं जातं.

भावासाठी उत्तर एका ओळीत : नाही. कुठल्याही सरकारी नियंत्रकाने माणसासाठी मंजूर न केलेली औषधं ‘वाडा’च्या यादीत एस-झिरो या गटात येतात, आणि ती स्पर्धेत असो वा नसो, बाराही महिने बंद असतात. नमुन्यात सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ ने दोषातून सुटका होत नाही, आणि बंदी दोन ते चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. आत काय मिसळलंय ते माहीत नसताना तर क्लेनब्युटेरॉलसारखं काहीतरी निघून मूळ रेणूशी संबंध नसलेल्या गुन्ह्यात तो अडकेल. जिल्ह्याला नमुने घेत नसतील, पण निवड पुढे झाली तर घेतात.

मग २.४ किलो कुठे गेले? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १२ दिवसांत २.४ किलो निव्वळ चरबी घटायला रोज दीड हजारांहून जास्त कॅलरीची तूट लागते. रात्रीचं जेवण कापून एवढी तूट पडणं अवघड आहे. भात-पोळी कमी केली की यकृत आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, उतरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. काट्यावरचा दीड-दोन किलोचा पहिला उतार बहुतेकदा तोच. उरलेली अर्धा-पाऊण किलो चरबी तुमच्या उपासाची कमाई. ती तुम्ही कॅप्सूलच्या नावावर लिहू नका.

तुमच्या खऱ्या प्रश्नाला, म्हणजे साखर आणि यकृताला, माणसांवर तपासलेली उत्तरं आहेत. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या चाचणीत वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं या लक्ष्यांनी मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. भारतीय शरीराचा अनुभव थोडा निराळा : चेन्नईच्या २००६ सालच्या अभ्यासात हे आकडे २८.५ आणि २६.४ टक्के आले. कमी वाटतात, पण आपल्याच माणसांवर मोजलेले आहेत. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे साडेसहा किलो. यकृतातली सूज नीट उतरायला १० टक्के, म्हणजे साडेनऊ किलो लागतील असं धरा आणि त्याला सहा ते नऊ महिने द्या.

१६ तासांचा उपास जमत असेल तर ठेवा, पण झोप पूर्ववत होईपर्यंत तो १२ तासांवर आणा. रात्री पोट रिकामं ठेवण्याऐवजी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ आणि ताक, आठच्या आत. दिवसाला ८०-९० ग्रॅम प्रथिनं पोचतात का ते एक आठवडा लिहून बघा. पोहे-उपमा आणि वरण-भातावर ती ४५-५० च्या पुढे जात नाहीत आणि वजनासोबत स्नायूही उतरतो. आठवड्यात दोन-तीन दिवस वजनं उचलणं चालू ठेवा, मात्र ईसीजी बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत जड व्यायाम बंद. चालणं चालेल.

आणि ईआरआरच जागा करायचा असेल तर त्याची माणसातली नोंद आहे : सायकलच्या जोरदार फेरीनंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्यात ईआरआर-अल्फा वाढलेलं दिसलं. २००५ सालचं काम आहे. भाड्याची सायकलही चालते.

तीन महिन्यांनी काटा हललाच नाही, तर डॉक्टरांशी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधांबद्दल बोला. दोन्ही २०२५ पासून भारतात वजनासाठी अधिकृतपणे मिळतात. तुमचा बीएमआय ३१.८ आहे, म्हणजे तुम्ही त्या चौकटीत बसता. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत १,९६१ माणसं होती, ६८ आठवडे, सरासरी घट सुमारे १५ टक्के. मळमळ, बद्धकोष्ठ, पित्ताचे खडे, औषध थांबवल्यावर वजन परत येणं, हे सगळं त्यांच्याबाबत माहीत आहे आणि छापलेलं आहे. महाग पडू शकतात, पण साडेसहा हजारांची बाटली महिन्याला एक या हिशेबाने तुमचा ट्रेनर काही स्वस्तात सोडत नव्हता.

बाटलीचं काय करायचं? झाकण घट्ट लावा, उरलेल्या कॅप्सूल दुसऱ्या डबीत काढू नका, बॅच नंबरचा आणि लेबलचा फोटो घ्या, पैसे दिल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. लेबलवर बारीक अक्षरात ‘रिसर्च यूज ओन्ली’ असेलच. ते लिहिलं म्हणून माणसाला विकायची मुभा मिळत नाही, मंजुरी नसलेलं नवं औषध विकणं आपल्याकडे गुन्हाच आहे. नाशिकच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात औषध निरीक्षकांना भेटा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुठलाही ग्राहक ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे काम होत नाही, तिथे खेटे घालू नका. झालेला त्रास १८००-१८०-३०२४ या फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, टोल-फ्री क्रमांकावर नोंदवा. कॅप्सूल कधी सुरू केल्या, रोज किती, लक्षणं कितव्या दिवशी दिसली आणि बंद केल्यावर किती दिवसांत गेली, एवढं आधी कागदावर लिहून मग फोन लावा.